अकरावं पाऊल

मढला शूटिंगसाठी बंगले भाड्याने देतात, त्यांतल्या एकाची दुरुस्ती आम्ही करत होतो. तिसऱ्याच दिवशी मालकीणबाईंनी मला पोर्चमध्ये बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला काही दिसतं का हो?"

मी आत डोकावले. शिवदास मेस्त्री रिकाम्या हॉलमध्ये डोळे मिटून चालत होते. चपला काढलेल्या, डावा हात पुढे धरलेला, ओठ हलताहेत. खिडकीपासून निघाले, जिथे बाथरूमचं दार येणार होतं तिथे आले, हात हवेत टेकवला आणि तसेच उभे राहिले.

"दिसत नाही, मोजतात," मी म्हटलं. "सवय आहे त्यांची."

बाईंचं समाधान झालं नाही. त्यांच्या बंगल्यात भुताखेतांच्या मालिकांचं शूटिंग व्हायचं. ती भुतं संध्याकाळी मेकअप पुसून घरी जायची, तेव्हा त्यांची बाईंना भीती नव्हती. पण कॉन्ट्रॅक्टरने बाहेरून एखादं खरं आणून ठेवलं तर काय करायचं, या विचाराने त्यांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दारावर लिंबू-मिरची आली. मेस्त्रींनी ती पाहिली आणि वाकून तिच्याखालून आत गेले.

मी गार्गी. मुलुंडला राहते, लोकांची घरं आखून देते. मी कागदावर आखते आणि मेस्त्री ते विटा-सिमेंटात उतरवतात, असं आमचं गेली चौदा वर्षं चाललंय. आडनावच मेस्त्री. आजोबा कणकवलीकडे सुतार होते, वडील मुंबईत येऊन गिरणीत लागले. संपात गिरणी गेली तेव्हा शिवदास सोळा वर्षांचे होते. वडिलांनी गावाहून आजोबांचा रंधा आणून त्यांच्या हातात दिला. तिथून जे सुरू झालं ते आज साठाव्या वर्षीही चालू आहे. राहायला बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीलगत. घरात बायको मालन आणि ते. चार माणसांत मला मॅडम म्हणतात आणि एरवी बाय. रागावले, घाबरले किंवा फार आनंदात असले की मालवणीत शिरतात. आनंदातली मालवणी मी फारशी ऐकलेली नाही.

त्यांची कामाची पद्धत मात्र मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. गिऱ्हाईक भेटलं की बाकीचे कॉन्ट्रॅक्टर विचारतात, बजेट किती, टाइल कुठली, फॉल्स सीलिंग हवं का. मेस्त्री विचारतात, "सकाळी उठल्यावर पहिला पाय कुठे टाकता?" सांताक्रूझच्या एका साहेबांना हा प्रश्न वास्तुशास्त्राचा वाटला आणि त्यांनी मुद्दाम उजवा सांगितला. मेस्त्रींना पायाची दिशा नको होती. अर्धवट झोपेत माणूस कुठे जातो, पाणी प्यायला की देवाकडे की मोबाइलकडे, हे हवं होतं. ते कळलं की मग ते काथ्या काढतात. काथ्या म्हणजे नारळाच्या सालीचा जाडा दोर. त्याची वेटोळी ते गावाहून आणतात. जुन्या भिंती पाडून झाल्या की नव्या जिथे यायच्या तिथे हा दोर जमिनीवर पसरून चिकटपट्टीने पक्का करायचा. दाराच्या जागी लाकडाची चौकट टेकू देऊन उभी करायची. मग घरातल्या माणसांना अनवाणी बोलवायचं आणि सांगायचं, चला, आता इथे एक सकाळ जगून दाखवा. नवरा-बायको हसत हसत खोटा चहा करतात, खोटं दूध उतू जातं, आणि पंधरा मिनिटांत कळतं की फ्रिज चुकीच्या भिंतीला आहे. खडूने आखलेलं डोळ्याला दिसतं, काथ्या तळपायाला कळतो, असं ते म्हणतात.

डोळे मिटून चालणं मात्र या पद्धतीत पूर्वी नव्हतं. ते नंतर आलं. का आलं हे जगात दोघांनाच माहीत होतं, एक ते आणि दुसरी मी. निदान आमची समजूत तशी होती.

२०१६ साली घाटकोपरच्या पंतनगरमध्ये आम्ही एक घर केलं. चार मजली जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. खंडू अवसरमोल आणि त्यांची बायको रत्नप्रभा. मूळचे बुलढाण्याकडचे. रत्नप्रभाबाई महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा प्रबुद्ध हैदराबादला नोकरीला. खंडूकाका टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करायचे. तीस वर्षं त्यांनी पत्रं त्या त्या गावाच्या खणात टाकली, आणि शेवटची काही वर्षं खणाकडे न बघता. काचबिंदूने नजर जात होती आणि साहेबाला पत्ता लागू द्यायचा नव्हता. पत्ता डोळ्याशी नेऊन वाचायचे, खण मात्र हाताला पाठ. निवृत्त झाले तेव्हा जवळजवळ आंधळे होते, आणि एकही पत्र चुकीच्या खणात गेलं नाही म्हणून त्यांना गौरवपत्र मिळालं होतं. ते भिंतीवर फ्रेममध्ये होतं. काका आल्यागेल्याला ते वाचून दाखवायला लावायचे.

घर बदलायचं ठरलं ते त्यांच्यासाठीच. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना जुन्या घरात तीन वळणं होती. प्रबुद्धने मला सांगितलं, बाबांना हात धरून नेलेलं आवडत नाही. भिंत चाचपडत जाणंही त्यांना चालत नव्हतं. "चाचपडणं आंधळ्याचं काम," काका म्हणाले. "मी मोजून जातो. तुम्ही घर सरळ करा, मी ते पाठ करतो. फक्त एक करा, जिथलं तिथं ठेवा."

मेस्त्रींना हा माणूस इतका आवडला की विचारू नका. आतल्या भिंती पाडून झाल्यावर त्यांनी काथ्या घातला, एरवीपेक्षा दुहेरी. चौकट उभी केली. काका रोज सकाळी भाड्याच्या खोलीवरून रिक्षाने यायचे आणि त्या धुळीच्या जागेत अनवाणी चालायचे. चार दिवस ते चाललं. पलंगापासून निघायचं, मोठ्याने आकडे म्हणायचे, अकराव्या पावलाला डावा हात पुढे करायचा, तो चौकटीवर पडायचा, तिच्यावर भार द्यायचा आणि उंबरा ओलांडून आत. "अकरा. आलं दार." पाचव्यांदा, दहाव्यांदा, विसाव्यांदा. चौथ्या दिवशी मेस्त्री हसत म्हणाले, "काका, आता भिंती नाय बांधल्या तरी चालतील." काकांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. खांदा नेमका कुठे आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, बाथरूमच्या नळांसाठी भिंत फोडताना, भिंतीच्या पोटात इमारतीचा सांडपाण्याचा जुना पाइप निघाला. नकाशात तो सरळ होता, प्रत्यक्षात वाकडा. चौकट जिथे ठरली होती तिथे बसणार नव्हती. नऊ इंच अलीकडे घ्यावी लागणार होती, म्हणजे पलंगाच्या बाजूला. गृहप्रवेश चौदा एप्रिलला ठरलेला. त्यांच्यासाठी त्या दिवसासारखा दुसरा दिवस नव्हता, भन्तेजींना निमंत्रण गेलेलं होतं. मध्ये नऊ दिवस होते.

मेस्त्रींनी मला फोन केला. मी तेव्हा अंधेरीला दुसऱ्या साइटवर होते, तिथे किचनचा ओटा उलटा बसवला होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

"बाय, काकांना परत बोलवूया काय? काथ्या परत घालू. दोन दिवस जातील."

"मेस्त्री, नऊ इंचांनी काय आभाळ कोसळतंय?" मी म्हणाले. "सरकवा चौकट. आणि काकांना सांगत बसू नका, उगाच धसका घेतील."

ते बरं म्हणाले. फोन मिनिटभरसुद्धा चालला नसेल.

चौदा एप्रिलला घर झालं. पंचशील झालं, खीर झाली, काकांनी पांढरा सदरा घातला होता. पहिले चार-पाच दिवस घरात पाहुणे होते, कुणी ना कुणी त्यांचा हात धरत होतं. तिसऱ्या दिवशी काकांनी मेस्त्रींना फोन केला. हे मला पुढे कळलं. काका म्हणाले, "मेस्त्री, दार जरा अलीकडं आलंय का हो? का मलाच तसं वाटून राहिलं?"

आणि मेस्त्री म्हणाले, "नवी लादी आहे ना काका, त्याने तसं वाटतं. सवय होईल पायाला."

"तसंच असंल," काका म्हणाले.

पाहुणे गेल्यावर, सहाव्या दिवशी सकाळी, रत्नप्रभाबाई चहा टाकत असताना काका एकटेच उठले. बाईंना आकडे ऐकू येत होते. अकराव्याला काकांनी डावा हात पुढे केला आणि भार दिला. चौकट असायची तिथे उघडं दार होतं. हाताबरोबर ते सगळेच आत गेले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग अंथरूण, मग छातीत कफ, आणि जुलैत ते गेले. एकाहत्तर वर्षांचे होते. वयच होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

हॉस्पिटलच्या बाहेर चहाच्या टपरीवर मेस्त्रींनी मला तो फोन सांगितला. "माका विचारलानी, बाय. आंधळ्या माणसान विचारलान आणि मी खोटा सांगलंय." मी त्यांची समजूत काढली. म्हटलं, म्हातारी माणसं पडतात, चौकट जागेवर असती तरी पडले असते. मला खरंच तसं वाटत होतं. मी पुढच्या आठवड्यात विसरलेसुद्धा. मी हे फुशारकीने सांगत नाही. मी तशी आहे, काम संपलं की फाइल बंद करते.

मेस्त्रींची फाइल बंद झाली नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते सांताक्रूझच्या त्याच साहेबांच्या फ्लॅटमध्ये. वरून विमान गेलं, त्याचा आवाज विरला, आणि मेस्त्री हातातला ओळंबा धरून तसेच थांबले.

"ऐकलंस?"

"काय?"

"मोजतत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धापर्यंत येतत, बाय. फुडे नाय."

भर दुपारची वेळ होती, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून ते डोळे मिटून चालायला लागले. रिकाम्या घरात, भिंती पडल्यावर, काथ्या घातल्यावर. म्हणायचे, आपण पुढे चाललो तर कदाचित तेही चालतील. ओसाड फ्लॅटमध्ये सुरुवातीला जो आवाज घुमतो, त्यात त्यांना खंडूकाका ऐकू यायचे. एक, दोन, तीन, अगदी शांतपणे, पत्रं खणात टाकल्यासारखे. दहा झाले की थांबायचे. मेस्त्री श्वास धरून वाट बघायचे. अकरावं येत नसे.

मालनवहिनींनी गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं. कोंबडा झाला, नारळ झाला. मी मेस्त्रींना डॉक्टरकडे जा म्हटलं, तर मला म्हणाले, तू डोळे तपासून घे, परवा लेव्हल चुकलीस. एवढं सगळं होऊन त्यांचं काम मात्र बिघडलं नाही. उलट त्या आठ वर्षांत त्यांनी केलेल्या एकाही घरात कुणाला ठेच लागली नसेल. एखादी चौकट अर्धा इंच हलली तरी ते घरातल्या सगळ्यांना बोलवून परत चालायला लावायचे. लोक वैतागायचे. मीही वैतागायचे. मनात कुठेतरी टोचायचं आणि म्हणून जास्तच वैतागायचे.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला मेस्त्री रत्नप्रभाबाईंकडे जायचे. बिजागऱ्यांना तेल घालायचे, नळाचे वायसर बदलायचे, बाई खीर द्यायच्या ती खायचे आणि परत यायचे. सांगायचं ठरवून जायचे आणि न सांगता यायचे. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, बाई भाड्याच्या घरात गेल्या, मेस्त्री तिथेही गेले. तिथल्या बिजागऱ्या तर आमच्या नव्हत्याही.

२०२४च्या दिवाळीत रत्नप्रभाबाईंचा फोन आला. टॉवर झाला होता, चौदाव्या मजल्यावर त्यांना नवा फ्लॅट मिळाला होता. "मेस्त्री, आतलं तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "काथ्या घालून. पलंगापासून अकरा पावलं ठेवा."

मेस्त्री माझ्या ऑफिसात आले. पाणी प्यायले नाहीत, बसलेही नाहीत. "मी सांगणार."

"आता? आठ वर्षांनी?" मी म्हटलं. "मेस्त्री, त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. तुम्हाला भाऊ मानतात. सांगून तुमचं ओझं उतरेल, त्यांच्या डोक्यावर बसेल. नवऱ्याचं मरण त्यांनी कसंबसं पचवलंय आणि तुम्ही ते परत काढणार."

"ता माका ठावक हा."

"घर तुमच्या हातून काढून घेतील. तोंड बघणार नाहीत."

"नाय बघले तर नाय. पण खोट्यावर दुसरा घर माझ्यान बांधवचा नाय." दारापर्यंत गेले आणि वळले. "तुझा नाव नाय घेवचंय. तू घाबरा नको."

मी घाबरत नाही असं म्हणाले. ते गेल्यावर मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही चौदाव्या मजल्यावर होतो. काथ्या पसरून झाला होता, चौकट उभी होती, पलंगाच्या जागी प्लायचा तुकडा. खिडक्यांना अजून काचा बसल्या नव्हत्या, वारा आत शिरून फिरत होता. रत्नप्रभाबाई आल्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. चपला दाराबाहेर काढल्या आणि रंगाच्या उपड्या डब्यावर बसल्या. पाठ ताठ, वर्गात बसल्यासारखी.

"मेस्त्री, तुम्ही चालून दाखवा," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून. ते चालायचे तसं."

त्यांना या सवयीबद्दल कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. कदाचित कुणीच नाही. मेस्त्री प्लायपाशी जाऊन उभे राहिले. डोळे मिटले. एक, दोन, तीन. आवाज घोगरा होता. मी हातात टेप धरून खिडकीशी होते. आठ, नऊ, दहा. आणि ते थांबले. पाय उचलला, तसाच खाली ठेवला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. वारा होता, तरी.

"बाई," डोळे न उघडताच ते म्हणाले, "तुमच्या जुन्या घरात मी चौकट सरकवली होती. नऊ इंच. काका चालून गेल्यावर. त्यांनी मला फोनवर विचारलं, दार अलीकडे आलं का. मी नाही म्हटलं. ते त्याच्यामुळे पडले. माझ्यामुळे."

एवढंच. आठ वर्षं घोकलेलं दहा सेकंदांत संपलं.

रत्नप्रभाबाईंनी पिशवीतून एक कागद काढला, घडी उलगडली. माझा नकाशा होता, २०१६चा, माझ्या सहीचा. बाथरूमच्या दारापाशी लाल शाईचा गोल होता आणि शेजारी स्वच्छ मास्तरणीच्या अक्षरात लिहिलं होतं, नऊ इंच.

"ते गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिवणाचा टेप घेऊन मोजलं," त्या म्हणाल्या. "अंथरुणावर ते सारखं म्हणत होते, रत्ना, मी मोजायला चुकलो. पत्रांमध्ये कधी चुकलो नाही आणि घरात चुकलो. त्याच लाजेत गेले ते. मला एवढंच बघायचं होतं की ते चुकले होते का. नव्हते चुकले."

मेस्त्रींच्या तोंडून कसलातरी आवाज आला.

"मग तुम्ही मला विचारलं का नाय, बाई? आठ वर्षं?"

"तुम्ही येत होता ना. दर पौर्णिमेला येता, खीर खाता, बिजागरीला तेल घालता. मला वाटायचं, या वर्षी सांगतील. मुलांना मी असंच करायचे. खोटं बोलणारा पोरगा सापडला तरी त्याला उभं करायचं नाही. आपण होऊन येईपर्यंत थांबायचं." त्यांनी नकाशाची घडी घातली. "इतकं थांबावं लागेल असं वाटलं नव्हतं."

"ते मला ऐकू येतात," मेस्त्री म्हणाले. "दहापर्यंत मोजतात."

"ते नाहीत, मेस्त्री. आम्ही आत्मा मानत नाही. ते गेले ते गेले." बाईंनी नकाशा पिशवीत ठेवला. "मला ते कुठे दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. तुम्हाला येतात याचा मला हेवा वाटतो. माझं एकच म्हणणं आहे. त्यांनी जे घर पाठ केलं होतं, ते तुम्ही बांधलंच नाहीत. ते बांधा. मला त्यात राहायचंय."

मेस्त्रींनी मान हलवली. डोळे अजून मिटलेलेच.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "सरकवायचं तुम्ही एकट्यानं ठरवलंत?"

"होय. एकट्यानं."

"मॅडमना माहीत नव्हतं?"

"नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. घाईने नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे बघतात तसं, पुरेसा वेळ देऊन. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मीच म्हटलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. खिडकीतून वारा आला, काथ्याचं एक टोक जमिनीवर फडफडलं आणि मी वाकून त्यावर चिकटपट्टी लावली. चांगली दाबून लावली. उभी राहिले तेव्हा बाईंनी नजर काढून घेतली होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "मेस्त्री, पुढचं पाऊल टाका."

मेस्त्रींनी अकरावं टाकलं. डावा हात पुढे केला. तो चौकटीवर पडला आणि त्यांनी सगळा भार तिच्यावर दिला. किती वेळ ते तसेच होते, मी घड्याळ पाहिलं नाही.

त्यानंतर त्यांना आकडे ऐकू आले नाहीत. रिकाम्या घरात आता ते डोळे उघडे ठेवून चालतात, गुणगुणतातसुद्धा. मालनवहिनी म्हणतात, गाऱ्हाणं उशिरा पोचलं पण पोचलं.

मला खंडूकाका ऐकू येत नाहीत. मला माझाच आवाज येतो. घरं तीच, भिंती पडल्यावर तोच पोकळपणा, आणि कुठल्याशा कोपऱ्यातून अंधेरीच्या साइटवरची वैतागलेली बाई बोलते, नऊ इंचांनी काय आभाळ कोसळतंय. इतकं सहज म्हणते, पाणी मागितल्यासारखं. मी टेप दोनदा लावते, तीनदा लावते. परवा मुलुंडला स्वतःच्याच घरात पलंगापासून बाथरूमपर्यंत डोळे मिटून चालले. दहाव्याला थांबले. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

मेस्त्रींना मी एकदा म्हटलं, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं. ते म्हणाले, "माका विचारलानी तेव्हा खोटा मीच बोललंय, तू नाय." मग थोड्या वेळाने, रंधा मारता मारता, "तुझा तू सांग."

बाईंचं घर बुद्धपौर्णिमेला ताब्यात दिलं. अकरा पावलं मेस्त्रींनी सात वेळा तपासली होती. गौरवपत्राची फ्रेम भिंतीवर लागली. बाईंनी दोन वाट्यांत खीर आणली. मेस्त्रींची खाऊन झाली तेव्हा त्यांना म्हणाल्या, "भाऊ, आता पौर्णिमेला मुद्दाम यायची गरज नाही. वाटेल तेव्हा या." मग दुसरी वाटी माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, पुढच्या वर्षीपासून तुम्ही येत जा."

मी हो म्हटलं. खीर संपवली, वाटी सिंकमध्ये धुऊन ठेवली. पौर्णिमा आता अठरा दिवसांवर आली आहे. जाताना हे लिहिलेले कागद बरोबर नेणार आहे.